‘अपडेट करा’ हे उत्तर नव्हे

दर महिन्या-दोन महिन्यांनी एक बातमी येते. मथळा ठरलेला: ‘अँड्रॉइड फोन वापरताय? सावधान! केंद्र सरकारचा गंभीर इशारा’. खाली चार परिच्छेद. सर्ट-इन या सरकारी संस्थेने अमुक आवृत्त्यांमध्ये त्रुटी असल्याचं कळवलंय, हॅकर तुमचा फोन ताब्यात घेऊ शकतो, तुमची माहिती चोरू शकतो. आणि शेवटी उपाय: ‘आपला फोन त्वरित अपडेट करा’. बातमी संपली. छापणाऱ्याचं कर्तव्य झालं, सरकारचं झालं, फोन बनवणाऱ्याचं तर केव्हाच झालं होतं. उरला तो वाचणारा. आता फोन अपडेट झाला नाही, तर तो त्याचा निष्काळजीपणा.

माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. कुठल्या सर्व्हरवर कुठली आवृत्ती आहे आणि तिच्यात जगाला माहीत झालेलं एखादं भगदाड आहे का, हे तपासणं माझ्या रोजच्या कामाचा भाग आहे. राहतो आंबिवलीत. हपिसात ज्या प्रश्नाला पगारी माणसं, विकत घेतलेली स्कॅनर आणि सोमवारची मीटिंग लागते, तोच प्रश्न आमच्या मोहोने रोडवरच्या रिक्षावाल्याने, पोळी-भाजी केंद्र चालवणाऱ्या मावशींनी आणि निवृत्त काकांनी एकट्याने, इंग्रजीत, फुकटात सोडवावा अशी अपेक्षा आहे. ही अपेक्षा अडाणीपणाची आहे असं मी म्हणणार नाही. ती सोयीची आहे. कुणाच्या, ते पुढे बघू.

आवृत्ती बघून काय कळतं?

आधी प्रश्न किती अवघड आहे ते सांगतो. सॉफ्टवेअरमधलं भगदाड सापडलं की त्याला एक क्रमांक मिळतो, सीव्हीई. ही क्रमांक देण्याची पद्धत १९९९ पासून अमेरिकेतली मायटर ही संस्था चालवते, पैसे अमेरिकन सरकारचे. २०२४ या एकाच वर्षात असे ४० हजारांहून जास्त क्रमांक दिले गेले. एप्रिल २०२५ मध्ये या कामाचा करार संपत आला होता, नूतनीकरणाचा पत्ता नव्हता, आणि अगदी शेवटच्या क्षणी अकरा महिन्यांची मुदतवाढ मिळाली. जगभरातल्या भगदाडांची वही एका देशाच्या खात्यात ठेवलेली आहे आणि ती जवळजवळ बंद पडली होती. ही बातमी मराठीत फारशी कुणाच्या कानावर आली नाही.

बरं, वही आहे. आपली आवृत्ती काढायची, वहीत बघायची, झालं. इतकं सोपं असतं तर मला पगार कशाला मिळाला असता? १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या प्रोग्रॅममधलं एक गंभीर भगदाड जाहीर झालं. जगातले बहुसंख्य लिनक्स सर्व्हर दुरून चालवायला हाच प्रोग्रॅम वापरतात. जाहीर सूचनेनुसार ८.५ पासून ९.७ पर्यंतच्या आवृत्त्या धोक्यात, ९.८ मध्ये दुरुस्ती. डेबियन १२ वर आवृत्ती होती ९.२. म्हणजे धोक्यात? नाही. डेबियनने दुरुस्ती तेवढी उचलून ९.२ मध्येच बसवली. वरचा आकडा तोच, ठिगळाची खूण शेपटीतल्या बारीक अक्षरांत. रेड हॅट आणि उबुंटूही असंच करतात, आणि त्याला चांगलं कारण आहे: चालू यंत्रणेत अख्खी आवृत्ती बदलली तर दहा इतर गोष्टी मोडतात. पण त्यामुळे नुसता आकडा वाचणारा स्कॅनर ‘धोका, धोका’ ओरडत राहतो आणि कुणीतरी बसून प्रत्येक ओळ खरी की खोटी ते ठरवतं.

हे झालं उलटं. सुलटं त्याहून वाईट. दोन फोनवर ‘अँड्रॉइड १३’ लिहिलेलं असतं. एकावर गेल्या महिन्यातलं ठिगळ आहे, दुसऱ्यावर दोन वर्षांपूर्वीचं. आकडा सारखा, सुरक्षितता जमीन-अस्मानाची. खरी गोष्ट सांगतो ती ‘सिक्युरिटी अपडेट’ किंवा ‘सिक्युरिटी पॅच लेव्हल’ या नावाने लपलेली तारीख. सेटिंग्जमध्ये जा, अगदी तळाशी ‘अबाउट फोन’, मग ‘अँड्रॉइड व्हर्जन’, मग ती तारीख. काही फोनवर दुसरीकडेच कुठेतरी. ही तारीख बघा, असं त्या इशाऱ्याच्या बातम्यांमध्ये मी क्वचितच वाचलं आहे.

यादीत नाव नाही म्हणून सुटलो

आमच्या मजल्यावरचे एक काका एकदा अशीच बातमी घेऊन आले. आनंदात होते. ‘‘हे बघ, बारा, तेरा, चौदा लिहिलंय. माझा नऊ आहे. आपण सुटलो!’’

मी तारीख बघितली. २०२० ची.

काकांची चूक काढायला जागा नाही. वाचता येणारा कुठलाही शहाणा माणूस यादी अशीच वाचतो. शाळेत नापासांची यादी लागली आणि आपलं नाव नसलं, तर आपण पास. पण ही यादी तशी नाही. गूगलचं सुरक्षा पत्रक ऑगस्ट २०१५ पासून निघतं आणि त्यात फक्त त्या आवृत्त्या असतात ज्यांना गूगल अजून दुरुस्त्या देतं. जुनी आवृत्ती यादीतून गळते, ती बरी झाली म्हणून गळत नाही. डॉक्टरांनी तपासायचं सोडलं म्हणून गळते. तेच भगदाड काकांच्या नऊमध्ये असण्याची शक्यता भरपूर, फक्त कुणी बघितलेलं नाही, आणि बघितलं तरी बुजवणार नाही. सर्ट-इनच्या सूचनेत ‘प्रभावित प्रणाली’ म्हणून ही यादी उतरते, वर्तमानपत्रं ती भाषांतर करून छापतात, आणि सगळ्यात असुरक्षित फोन ज्यांच्या हातात आहे तीच माणसं निर्धास्त होतात. इशारा देण्याची ही पद्धत उलटा परिणाम करते.

हे नवं नाही. १४ मार्च २०१७ ला मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या एका भगदाडाची दुरुस्ती दिली. त्या पत्रकात विंडोज एक्सपीचं नाव नव्हतं, कारण एक्सपीचा पाठिंबा ८ एप्रिल २०१४ लाच संपला होता. भगदाड एक्सपीतही होतं. महिन्याभराने ते वापरायचं हत्यार इंटरनेटवर उघडं पडलं, आणि १२ मे २०१७ ला ‘वॉनाक्राय’ जगभर पसरला. ब्रिटनमधली इस्पितळं ठप्प झाली, आंध्र प्रदेशात पोलिसांचे संगणक अडकले. तेव्हा कुठे मायक्रोसॉफ्टने एक्सपीची दुरुस्ती सगळ्यांना फुकट दिली. वेगळे पैसे मोजणाऱ्या खास ग्राहकांसाठी एक्सपीची देखभाल तोवर चालूच होती. म्हणजे ‘जुन्या आवृत्तीला दुरुस्ती देणं शक्य नाही’ हे वाक्य जिथे ऐकाल तिथे ‘शक्य’च्या जागी ‘परवडत’ टाकून बघा.

आळशी कोण?

यावर नेहमीचं उत्तर येतं: दुरुस्ती दिली तरी लोक घेत नाहीत. लोक आळशी. यात तथ्य आहे आणि ते मी टाळणार नाही. कॅस्परस्कीच्या मोजणीनुसार वॉनाक्रायने पकडलेल्या यंत्रांपैकी जवळपास ९८ टक्के विंडोज ७ ची होती. एक्सपी नव्हे, ७. त्यांच्यासाठी दुरुस्ती दोन महिने तयार होती.

पण मग आळशी कोण, तेही नीट बघू. २७ जून २०१७ ला ‘नॉटपेट्या’ आला. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक तेच मार्चमधलं भगदाड होतं. दुसरी वाट यंत्रांच्या स्मृतीतून पासवर्ड चोरण्याची, त्यामुळे जाळ्यात एखादं कच्चं यंत्र सापडलं की पक्की यंत्रंही पडत गेली. मर्स्क ही जगातली बलाढ्य जहाज कंपनी आडवी झाली, आणि तिच्या समूहाकडे असलेलं आपल्या जेएनपीटीतलं टर्मिनलही. न्हावाशेवाला संगणक बंद, काम हाताने, कंटेनर अडकलेले. आमच्या कल्याण-शीळ रस्त्यावरून धडधडत जाणारे ट्रक ज्या बंदरातून येतात, ते बंदर युक्रेनमधल्या हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून निघालेल्या आगीत होरपळलं. मर्स्कने स्वतः नुकसानीचा अंदाज दिला २५ ते ३० कोटी डॉलर. त्यांच्याकडे माणसं नव्हती? पैसा नव्हता?

बँका घ्या. एक्सपीचा पाठिंबा २०१४ मध्ये संपला. एटीएमवरून एक्सपी काढायला रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये सांगितलं, तरी हालचाल मंदच. शेवटी २१ जून २०१८ ला टप्पे ठरवून द्यावे लागले: सप्टेंबरपर्यंत पाव, डिसेंबरपर्यंत अर्धी, मार्च २०१९ पर्यंत पाऊण, जून २०१९ पर्यंत सगळी. हिशेब करा, पाच वर्षं. पाच वर्षं आपण मुदत उलटलेल्या यंत्रांत कार्ड घालून पिन दाबत होतो, आणि त्या यंत्रांच्या वर पाटी होती, ‘पिन कुणालाही सांगू नका’.

आणखी अलीकडचं. जुलै २०२४ च्या शेवटी सुमारे ३०० लहान बँकांचे, म्हणजे सहकारी आणि ग्रामीण बँकांचे, यूपीआय आणि इतर व्यवहार एक-दोन दिवस थांबले, कारण त्यांना सेवा पुरवणाऱ्या कंपनीवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. क्लाउडसेक या सुरक्षा कंपनीच्या विश्लेषणानुसार वाट मिळाली ती जेन्किन्स या प्रोग्रॅममधल्या एका भगदाडातून. ते जाहीर झालं होतं, दुरुस्तीसकट, त्याच वर्षीच्या जानेवारीत.

ज्यांच्याकडे आयटी विभाग आहे, अंदाजपत्रक आहे, नियामकाचा दट्ट्या आहे, त्यांना सहा महिने, पाच वर्षं लागतात. आणि नऊ हजारांच्या फोनवाल्याला आपण ‘त्वरित’ म्हणतो!

अपडेट दाबून काही होत नसेल तर?

मुळात त्या काकांनी ‘अपडेट’ दाबलं तर काय दिसतं? ‘तुमचा फोन अद्ययावत आहे’. हे खोटं नाही. कंपनीकडे त्यांच्यासाठी जे आहे ते सगळं त्यांना मिळालेलं आहे, कारण कंपनीकडे त्यांच्यासाठी काहीच नाही. चार वर्षं ठिगळ न लागलेल्या फोनवर हिरवी बरोबरची खूण दाखवणं, या एका गोष्टीवर खरं तर ग्राहक न्यायालयात जायला हवं.

महागड्या फोनांना आता सात-सात वर्षांची वचनं मिळतात. गूगलने पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने एस२४ पासून दिली आहेत. स्वस्त फोनांना बरीच कमी, आणि घड्याळ बहुधा सुरू होतं फोन बाजारात आल्या दिवसापासून, तुम्ही विकत घेतल्या दिवसापासून नाही. त्यामुळे दिवाळीत ‘भरघोस सवलतीत’ मिळणारा गेल्यावर्षीचा मॉडेल किंवा कल्याण स्टेशनबाहेर मिळणारा सेकंडहँड फोन घेणारा माणूस उरलेलं आयुष्य विकत घेतो. किती उरलं आहे, ते त्याला कुणी सांगत नाही.

यात बँकांचा वाटा वेगळा आहे, आणि तो मला सगळ्यात जास्त खटकतो. अँड्रॉइड ६ पासून कुठल्याही अ‍ॅपला फोनची ती पॅच तारीख वाचता येते. एका ओळीचं काम आहे. माझ्यासारख्याला चहा थंड होण्याआधी जमेल. म्हणजे तुमच्या बँकेच्या अ‍ॅपला तुमचा फोन किती वर्षं उघडा आहे हे क्षणात कळू शकतं. ते अ‍ॅप तुम्हाला कर्ज घ्यायला सांगतं, विमा घ्यायला सांगतं, ही तारीख सांगत नाही. उलट एखाद्या हौशी पोराने घरच्या जुन्या फोनवर लिनिएजओएस टाकून त्याला ताजी ठिगळं मिळवून दिली, तर अनेक बँकांची अ‍ॅप ‘तुमचं उपकरण असुरक्षित आहे’ म्हणून दार लावतात. कंपनीने वाऱ्यावर सोडलेला फोन चालतो, मालकाने सांभाळलेला चालत नाही! त्यांची अडचण मला समजते: कुलूप मालकानेच उघडलेल्या फोनवर कुणी काय टाकलं असेल याची खात्री बँकेला देता येत नाही. पण मग वर्षानुवर्षं भगदाड असलेल्या फोनची खात्री तिला कोण देतं?

आक्षेप

मला माहीत आहे, इथले वाचक दोन गोष्टी म्हणतील.

पहिली: लोक लुटले जातात ते ओटीपी सांगून आणि ‘चलान’ किंवा ‘लग्नपत्रिका’ नावाची फाईल उघडून, अँड्रॉइडच्या भगदाडातून कोण येतंय? बरोबर आहे. बहुतेक चोऱ्या फसवून होतात. पण अशी फाईल उघडणाऱ्याला अडवणारे अडथळेही नव्या आवृत्त्यांतच वाढत गेले आहेत. बाहेरून आलेल्या अ‍ॅपला स्क्रीन वाचण्याची परवानगी सहज मिळू न देण्याचा बंदोबस्त अँड्रॉइड १३ मध्ये आला. चोर बहुधा दारातून येतो म्हणून मागची भिंत पडकी ठेवावी का?

दुसरी: सक्ती केली तर स्वस्त फोन महागतील, आणि गरिबाच्या हातातला फोन जाईल. हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण तो माझ्या आजूबाजूच्या माणसांचा आहे. म्हणून मी पाच वर्षं दुरुस्त्या द्याच अशी सक्ती मागतच नाहीये, निदान आज नाही. युरोपने ती केली आहे: २० जून २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनना, त्या मॉडेलची विक्री थांबल्यावरही किमान पाच वर्षं दुरुस्त्या द्याव्या लागतात. मी मागतोय ते ब्रिटनने २९ एप्रिल २०२४ पासून लागू केलं ते: किती काळ देणार, ते विकताना सांगा. दोन वर्षं देणार असाल तर दोन लिहा. नऊ हजारांचा फोन दोन वर्षांचा असेल तर वर्षाला साडेचार हजार पडतात, आणि बारा हजारांचा पाच वर्षांचा असेल तर चोवीसशे. हा हिशेब आमच्याकडच्या कुठल्याही बाईला तोंडी येतो. तारीख तेवढी दिसायला हवी.

तारीख छापा

आपल्याकडे हे जमत नाही असं कुणी म्हणू नये. गॅसचा सिलिंडर घरात आला की त्याच्या वरच्या पट्टीवर एक अक्षर आणि वर्षाचे दोन आकडे असतात. ‘बी’ म्हणजे एप्रिल ते जून. त्या तिमाहीनंतर सिलिंडरची पुन्हा चाचणी हवी. बिस्किटाच्या पुड्यावर तारीख, औषधाच्या पट्टीवर तारीख, फ्रिजवर तारे. एनआरसीचा कारखाना २००९ मध्ये बंद पडला, पण ज्यांनी तिथे किंवा कुठल्याही कारखान्यात काम केलं त्यांना विचारा: बॉयलरला मुदतीचा दाखला लागतो आणि मुदत संपली की तो पेटवता येत नाही. धोकादायक वस्तूला मुदत असते आणि ती लिहिलेली असते, ही गोष्ट आंबिवलीला शिकवायची गरज नाही.

आणि फोनच्या बाबतीत सरकारचा हात पोचत नाही, असंही नाही. फोनच्या किरणोत्सर्गाचा आकडा, एसएआर, दाखवणं सक्तीचं आहे. *#०७# दाबलं की तो दिसतो. २८ नोव्हेंबर २०२५ ला तर दूरसंचार विभागाने प्रत्येक नव्या फोनमध्ये संचार साथी अ‍ॅप आधीच टाकून द्या, नव्वद दिवसांत, असा आदेश कंपन्यांना दिला होता. लोक भडकले, ३ डिसेंबरला सक्ती मागे घेतली. तो आदेश चुकीचा होता असं माझं मत आहे. पण त्यातून एक कळलं: आमच्या फोनमध्ये काहीतरी घुसवायला सरकारला नव्वद दिवस पुरेसे वाटतात. मग खोक्यावर एक ओळ छापून घ्यायला किती लागतील?

तर मागणी अशी आहे. एक, प्रत्येक फोनच्या खोक्यावर आणि सेटिंग्जच्या पहिल्याच पानावर ‘सुरक्षा दुरुस्त्या या तारखेपर्यंत’ अशी ओळ, मराठीसकट. दोन, सर्ट-इनच्या प्रत्येक सूचनेत ‘या यादीपेक्षा जुन्या आवृत्त्या असुरक्षितच समजाव्यात’ हे वाक्य, आणि सूचना भारतीय भाषांत. तीन, बँकांच्या अ‍ॅपने पॅच तारीख वाचून ग्राहकाला स्पष्ट सांगावी. आणि जोवर त्या सांगत नाहीत तोवर जुना फोन हा ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ मोजला जाऊ नये. ६ जुलै २०१७ च्या रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकाने ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचं ओझं बँकेवर टाकलं आहे. त्यात हे स्पष्ट शब्दांत घालावं.

ही तारीख छापायला कंपन्या का टाळाटाळ करतील, ते उघड आहे. तारीख लिहिली की तुलना होते आणि वचन मोजलं जातं. ‘अपडेट करा’ या दोन शब्दांनी सगळी जबाबदारी फोन धरणाऱ्या हातात जाते आणि बनवणारा, विकणारा, इशारा देणारा मोकळा होतो. ती सोय मी म्हणालो ती हीच.

तोवर एक करता येईल. पुढच्या वेळी फोन घ्याल तेव्हा दुकानदाराला रॅम आणि कॅमेऱ्याआधी हे विचारा: ‘‘दादा, सिक्युरिटी अपडेट कधीपर्यंत?’’ त्याला माहीत नसेल. तरी विचारा, आणि बिलावर लिहून मागा. तो लिहून देणार नाही. पण दिवसातून दहा जणांनी विचारलं, तर संध्याकाळी तो आपल्या वितरकाला विचारेल.